कुठेतरी पाणी मुरतंय!

सिव्हिलच्या मुलांना डार्सी माहीत असतो तो एका ओळीत. क्यू बरोबर के आय ए. मेकॅनिकलवाल्यांना तोच माणूस पाइपमधल्या घर्षणाच्या फॉर्म्युल्यात भेटतो, तिथे त्याच्या शेजारी वाइसबाख उभा असतो. पेट्रोलियम शिकणाऱ्यांकडे तर ‘डार्सी’ हे चक्क एकक आहे. एवढ्या ब्रँचेसमध्ये ज्याचं नाव घेतलं जातं, तो माणूस कोण, कुठला, त्याने आयुष्यभर काय केलं, हे मात्र कुणी सांगत नाही. सिलॅबसमध्ये नाही ना!

मी त्याच्यापर्यंत पोचले ती कचऱ्याच्या वाटेने. सहाव्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी विषय घेतला होता क्ले लायनर, म्हणजे लँडफिलच्या तळाशी दाबून बसवलेला चिकणमातीचा थर. कचऱ्यावर पाऊस पडतो, ओला कचरा कुजतो आणि त्यातून काळं, उग्र वासाचं पाणी सुटतं. त्याला लीचेट म्हणतात. हे पाणी खालच्या जमिनीत उतरून भूजलात मिसळू नये म्हणून हा थर. कुठलंही पुस्तक उघडा, या थराची परीक्षा एकाच आकड्यावर होते, ‘के’वर. म्हणजे परमिअॅबिलिटी. आणि तो ‘के’ आपल्याला देऊन गेला हेन्री डार्सी.

सेमिनार झाला, मार्क मिळाले. पण डार्सी डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या.

हेन्री डार्सीचा जन्म १० जून १८०३ चा. गाव फ्रान्समधलं दीजाँ, मोहरीच्या सॉससाठी प्रसिद्ध असलेलं. वडील सरकारी करवसुली खात्यात होते. हेन्री चौदा वर्षांचा असताना, १८१७ साली, ते वारले. आईने मात्र मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. १८२१ साली हेन्रीला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. तिथून तो पूल आणि रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअर्सच्या सरकारी कॉलेजात, एकोल दे पाँ ए शोसेमध्ये गेला. तेव्हाच्या फ्रान्समध्ये इंजिनिअर व्हायचं तर यापेक्षा मोठं नाव नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर पोरगा मेरिटमध्ये आला आणि थेट सरकारी नोकरीत चिकटला. थोडे दिवस दुसऱ्या जिल्ह्यात काढल्यावर १८२७ च्या सुमारास त्याची नेमणूक झाली ती त्याच्याच गावात. दुसऱ्याच वर्षी, १८२८ साली, त्याने हेन्रिएट केरी नावाच्या इंग्लिश मुलीशी लग्न केलं. त्यांना मूलबाळ झालं नाही.

आता त्या वेळच्या दीजाँचं पाणी कसं होतं ते ऐका. गावात उथळ विहिरी, आणि त्या विहिरींत आजूबाजूच्या घरांची घाण झिरपायची. गावातून सुझाँ नावाचा ओढा वाहायचा, त्याचं गटार झालं होतं. लोक तेच पाणी प्यायचे आणि आजारी पडायचे. चांगलं पाणी आणायच्या योजना कित्येक पिढ्या नुसत्या कागदावर निघत होत्या. हे वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याचं वर्णन आहे!

डार्सीने १८३४ साली आपला अहवाल दिला. गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर रोझ्वार नावाचा झरा आहे. त्याचं पाणी स्वच्छ, आणि मिनिटाला साधारण ८ हजार लिटर मिळेल इतकं. डार्सीचं म्हणणं होतं की तेच पाणी गावात आणायचं. १८३९ मध्ये काम सुरू झालं आणि सप्टेंबर १८४० मध्ये पाणी दीजाँच्या वेशीवर पोचलंसुद्धा. १२.७ किलोमीटरचा बंदिस्त कालवा, पूर्ण उतारावर, कुठे पंप नाही. वरून झाकलेला, म्हणजे वाटेत काही पडायला नको. गावाच्या टाकीतून पुढे दाबाच्या नळांचं जाळं, १८४४ पर्यंत त्याची लांबी २८ किलोमीटर झाली. दर शंभर मीटरवर एक असे सुमारे १४२ सार्वजनिक नळ. तिथे कुणीही यावं, पाणी भरावं, पैसे नाहीत.

या कामाचे डार्सीला ५५ हजार फ्रँक मिळायचे होते. त्याने ते घेतले नाहीत! गावाने दिलेलं सुवर्णपदक तेवढं घेतलं. पाणी आणायला ज्यांना कित्येक पिढ्या जमलं नव्हतं त्या गावाला त्याने वर्ष-दीड वर्षात पाणी दिलं, आणि बिल माफ केलं. मंडळी, आपण कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी पॅकेज विचारतो. मीही विचारते, खोटं कशाला बोला. पण हा माणूस वाचल्यावर जरा गप्प बसावंसं वाटतं.

पुढची काही वर्षं तो रेल्वेच्या मागे होता. पॅरिसहून लिऑनला जाणारा मार्ग दीजाँवरून जावा म्हणून त्याने आखणी केली. मध्ये डोंगर होता, तर ब्लेझीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा सुचवला, आणि लाइन पुढे तिथूनच गेली. मग आली १८४८ ची क्रांती. सरकार बदललं आणि नव्या लोकांना डार्सी नको होता. ज्या गावाला पाणी दिलं तिथूनच त्याची बदली झाली. आपल्याकडेही प्रामाणिक अधिकाऱ्याचं हेच होतं, त्यात नवीन काही नाही. पण त्याच्या कामाची कीर्ती एवढी होती की थोड्याच काळात पॅरिसच्या पाणी आणि रस्ते खात्याचं प्रमुखपद त्याच्याकडे आलं. रस्त्यांचा अभ्यास करायला तो लंडनलाही जाऊन आला. पुढे इन्स्पेक्टर जनरल झाला. तब्येत मात्र खालावत चालली होती. १८५५ मध्ये त्याने रोजच्या जबाबदारीतून मोकळं करण्याची विनंती केली आणि संशोधनासाठी दीजाँला परत आला.

इथे त्याच्या आयुष्यातली ती गोष्ट घडते, जिच्यामुळे मी आज हा लेख लिहितेय.

रोझ्वारचं पाणी झऱ्याचं, त्याला गाळायची गरज नव्हती. पण सगळ्या गावांना असा झरा कुठून मिळणार? नदीचं गढूळ पाणी वाळूच्या थरातून गाळूनच प्यावं लागणार. मग गाळणी केवढी मोठी हवी? वाळू किती जाड? किती उंचीवर पाणी ठेवलं तर दिवसाला किती मिळेल? तेव्हा हे सगळं अंदाजपंचे चालायचं. डार्सीने ठरवलं, मोजून बघू.

दीजाँच्या हॉस्पिटलच्या आवारात त्याने एक लोखंडी नळा उभा केला. उंची अडीच मीटर, व्यास ३५ सेंटिमीटर. त्यात सोन नदीची वाळू भरली. हॉस्पिटलच्या पाण्याच्या लाइनला नळा जोडला आणि वर-खाली पाऱ्याचे मॅनोमीटर लावले. आपल्या लॅबमधली कॉन्स्टंट हेड टेस्ट आठवा, फक्त आपला मोल्ड हातात मावतो आणि त्याचा माणसापेक्षा उंच होता. पहिले प्रयोग १८५५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाले. फेब्रुवारी १८५६ मध्ये शार्ल रिटर नावाच्या इंजिनिअरने आणखी काही केले. पाऱ्याची पातळी सारखी हलायची, रीडिंग घेणं अवघड जायचं. आपल्या लॅबमध्ये असं झालं की आपण शेजारच्या बॅचचं जर्नल मागतो. त्यांनी रीडिंग घेत राहणं पसंत केलं.

निष्कर्ष अगदी साधा निघाला. वाळूतून जाणारं पाणी हे वरच्या आणि खालच्या पातळीतल्या फरकाच्या प्रमाणात वाढतं आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात कमी होतं. मध्ये एक स्थिरांक, तो त्या मातीचा स्वभाव. तोच ‘के’. १८५६ साली दीजाँच्या पाणीपुरवठ्यावर त्याचं जाडजूड पुस्तक निघालं, त्यात हा नियम शेवटी एका परिशिष्टात आहे. आज जगभर जो शिकवला जातो तो डार्सीज लॉ हा, मुख्य पुस्तकातही नाही, मागच्या पानांत!

त्यानंतर तो फार जगला नाही. १८५७ मध्ये पाइपमधल्या प्रवाहावरचं त्याचं पुस्तक आलं. उघड्या कालव्यांवरचे प्रयोग अर्धे राहिले, ते पुढे त्याचा सहकारी आँरी बाझँ याने पुरे केले. पॅरिसला गेलेला असताना न्यूमोनिया होऊन ३ जानेवारी १८५८ रोजी डार्सी वारला. वय चोपन्न. दीजाँने त्याला आपल्या मातीत आणलं आणि जिथे त्याची पाण्याची टाकी होती त्या चौकाला त्याचं नाव दिलं. तो प्लास डार्सी आजही आहे, टाकीभोवती बाग आहे.

आता तुम्ही म्हणाल, वाळूतून पाणी गाळणाऱ्या माणसाचा कचऱ्याशी काय संबंध?

संबंध असा. डार्सीला पाणी जायला हवं होतं. आपल्याला लँडफिलखाली पाणी जायला नको आहे. प्रश्न उलटा, पण गणित तेच. फिल्टरच्या वाळूचा ‘के’ सेकंदाला साधारण सेंटिमीटरचा शंभरावा भाग असतो. लायनरच्या चिकणमातीचा तो सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. म्हणजे वाळूपेक्षा लाखपट कमी. भारताच्या २००० सालच्या घनकचरा नियमांत हाच आकडा आहे, २०१६ च्या नियमांतही तोच. थर ९० सेंटिमीटर जाड, आणि त्याच्या वर दीड मिलिमीटरचा एचडीपीई प्लॅस्टिकचा पडदा. शेततळ्यात घालतात तसाच, पण जास्त जाड. अमेरिकेच्या १९९१ च्या नियमातही मातीचा ‘के’ एवढाच, फक्त थर ६० सेंटिमीटरचा.

सेमिनारच्या आदल्या रात्री मी सहज कॅल्क्युलेटर घेऊन बसले. समजा नुसता मातीचा थर आहे, प्लॅस्टिक नाही. वर ३० सेंटिमीटर लीचेट साचलंय. ३० आणि ९० मिळून १२०, भागिले ९०, म्हणजे आय झाला १.३३. गुणिले के. सेकंदाचं वर्ष केलं. उत्तर आलं, वर्षाला ४.२ सेंटिमीटर. किती कमी! असं वाटून मी खूश झाले. मग एका हेक्टरला गुणलं. वर्षाला ४ लाख २० हजार लिटर. दहा हजार लिटरचे ४२ टँकर, एका हेक्टरखालून, दरवर्षी. आणि ही सगळे नियम पाळलेली, पास झालेली माती!

मातीतल्या पोकळ्या ४० टक्के धरल्या तर ओल्या थरातून हे पाणी पलीकडे पोचायला साधारण साडेआठ वर्षं लागतात. आपली डिग्री दोनदा होईल, वर थोडा वेळ उरेल. पण कचरा साडेआठ वर्षांत संपत नाही. लँडफिल बंद झाल्यावरही लीचेट कित्येक वर्षं निघत राहतं.

म्हणजे क्ले लायनर पाणी अडवत नाही, उशीर करतो. डार्सीच्या नियमात ‘के’ कितीही लहान असला तरी शून्य नसतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे बहुतेक माहीत होतं. इंग्लिशमध्ये मी लीकेज, सीपेज, इन्फिल्ट्रेशन असे शब्द पाठ केले होते. आजीला विचारलं तर तिने एका दमात सांगितलं, छत गळतं, बांध पाझरतो, माठ झिरपतो, पाऊस मुरतो. पाझर तलाव तर आपल्याकडे मुद्दाम पाणी मुरावं म्हणून बांधतात. आणि काही लपवाछपवी असली की आपण म्हणतोच, कुठेतरी पाणी मुरतंय.

मातीचा हा आकडा टिकवणंसुद्धा सोपं नाही. माती रोलरखाली दाबताना तिच्यात पाणी किती आहे यावर सगळं अवलंबून असतं. ऑप्टिममपेक्षा किंचित ओली असताना दाबली तर ढेकळं मळली जातात, एकजीव होतात. कोरडी असताना दाबली तर ढेकळं ढेकळंच राहतात आणि त्यांच्या फटींतून पाणी वाट काढतं. डेन्सिटी दोन्हीकडे सारखी दिसते, पण ‘के’ शंभर-हजारपटीने बदलू शकतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव. ओली असताना अप्रतिम, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. थर घालून उघडा ठेवला, वर लवकर काही टाकलं नाही, की केलेलं काम वाया. डेव्हिड डॅनियल या अमेरिकन इंजिनिअरने १९८४ मध्ये प्रत्यक्ष गळणाऱ्या लायनर्सचा अभ्यास केला. लॅबच्या आकड्यापेक्षा साइटवरचा ‘के’ दहा ते हजारपट जास्त निघाला होता. लॅबमधल्या हातभर नमुन्यात भेग नसते, साइटवर असते. म्हणून आता चांगल्या कामात आधी छोटा ट्रायल पॅड बांधून जागेवरच पाणी सोडून मोजतात. डार्सीसारखं, अंदाज न करता.

नियमात माती आणि प्लॅस्टिक दोन्ही का, हेही मला इथे कळलं. प्लॅस्टिकमधून पाणी जात नाही, पण त्याला एखादं भोक पडतंच. खाली वाळू असेल तर त्या भोकातून धार लागेल. खाली चिकटून दाबलेली माती असेल तर भोकाखाली तेवढाच ओला डाग. एकाची चूक दुसरा सांभाळतो. रूममेटसारखं.

आणि एवढं करूनही एक गोष्ट उरते. पाणी अजिबात हललं नाही तरी त्यात विरघळलेलं रसायन जास्तीकडून कमीकडे हळूहळू पसरत जातंच. याला डिफ्यूजन म्हणतात. आडोल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने त्याचा नियम मांडला तो १८५५ साली, म्हणजे डार्सी हॉस्पिटलच्या आवारात रीडिंग घेत होता त्याच वर्षी! दोघे वेगवेगळ्या कामात, आणि आज लायनरच्या डिझाइनमध्ये दोघांची समीकरणं एकाच पानावर येतात.

हे सगळं मी एवढं मनावर का घेतलं? माझ्या मामाचं शेत एका कचरा डेपोच्या उताराखाली आहे. गावाचं नाव नाही घेत. तो डेपो खूप जुना, त्याच्याखाली माती दाबलेली नाही की प्लॅस्टिक घातलेलं नाही. ट्रक येतो, रिकामा होतो, जातो. मामाची विहीर मी लहान असताना आम्ही पोहायला वापरायचो. आता पावसाळा संपला की पाण्याला पिवळट रंग येतो आणि वर तवंग धरतो. मामा ते पाणी गुरांनासुद्धा दाखवत नाही. मामी दीड किलोमीटरवरून हंडे आणते. गावातल्या कुणी तक्रार केली की उत्तर मिळतं, डेपो लांब आहे, पाणी तुमच्यापर्यंत कसं येईल? मी आता मामाला सांगू शकते की ते कसं येतं आणि किती वर्षांत येतं. विहीर त्याने सुधारणार नाही, हे मलाही कळतं. पण निदान ग्रामसभेत उभं राहून मामा पाण्याची टेस्ट मागू शकतो, आणि त्या अर्जात काय लिहायचं ते मी त्याला लिहून दिलंय.

डार्सीच्या दीजाँमधल्या विहिरीही अशाच घाण झिरपून खराब झाल्या होत्या. त्याला बारा किलोमीटरवर स्वच्छ झरा सापडला, झाकून आणता आला. आपल्याकडे आता असे झरे किती उरलेत? आहे ते पाणी खराब होऊ न देणं, हेच आपल्या पिढीच्या इंजिनिअरचं काम असणार. आपल्यापैकी काही जण उद्या लँडफिलच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टरच्या कागदांवर सही करतील. ‘के’च्या रकान्यात आकडा बरोबर लिहिलेला असेलच. तो लॅबमधला आहे की जागेवर मोजलेला, एवढं विचारायला विसरू नका. बदली झाली तर होऊ दे, डार्सीचीही झाली होती.

आणि तोपर्यंत हॉस्टेलवरच करता येईल असं एक काम. लीचेट बरंचसं होतं ते ओल्या कचऱ्यापासून. आपल्या मेसमधून रोज उष्ट्याची पिंपं बाहेर जातात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट. मेस कमिटीने ओलं वेगळं काढायचं ठरवलं आणि हॉस्टेलमागच्या मोकळ्या जागेत कंपोस्टचे दोन खड्डे केले, तर तेवढं पाणी कुठल्या तरी मामाच्या विहिरीकडे जायचं थांबेल. खड्डे कुठे आणि केवढे, याचा हिशोब मी करून ठेवलाय. पुढच्या मीटिंगला घेऊन येते. फावडी आणायला मात्र मुलांच्या हॉस्टेलमधून चार जण हवेत!